डॅशबोर्डमधली खडखड नेमकी कुठून येतेय हे शोधायचं कसं?

निवांत_ड्रायव्हर
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक आहे, तीन सिलिंडर, इंजिन गिअरबॉक्स एकदम ठणठणीत, सस्पेन्शनही चेक करून घेतलंय, पण आतल्या आवाजांनी डोकं उठलंय. दोन वेगवेगळे आवाज आहेत. पहिला म्हणजे टकटक, डॅशबोर्डच्या पॅसेंजर बाजूने येतो असं वाटतं. मोठा स्पीडब्रेकर हळू ओलांडला तर काहीच नाही, पण बारीक खडबडीत रस्ता लागला, पॅच मारलेलं डांबर वगैरे, की लगेच सुरू. सकाळी गाडी गार असताना जास्त येतो आणि दुपारी उन्हात तापली की जवळजवळ बंद. दुसरा आवाज झर्रर्र असा, कुठलातरी पत्रा थरथरल्यासारखा, तिसऱ्या चौथ्या गिअरमधे १७०० ते १९०० आरपीएमच्या दरम्यान येतो, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही, रस्ता गुळगुळीत असला तरी.

सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर एकदा ट्रायल घेतली आणि म्हणाले एवढं सगळ्याच गाड्यांना असतं. ग्लव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करून चालवली, फरक शून्य. डॅशबोर्ड न उघडता आधी जागा कशी पकडायची, आणि उघडायची वेळ आलीच तर घरच्या घरी कितपत जमेल? एकाने सांगितलं फटीफटीत फोम कोंब, होईल बंद. करू का तसं?

पाना_पक्कड
फोम कोंबायच्या आधी थांबा, जागा सापडल्याशिवाय काहीही कोंबू नका. आत फोम गेला की आवाज थोडा बदलतो, दबतो, मग मूळ जागा शोधणं अजून अवघड होऊन बसतं.

तुम्ही आवाजाचं वर्णन इतकं नीट दिलंय की अर्धं काम तिथेच झालंय. आवाज कधी येतो हे कुठून येतो यापेक्षा जास्त भरवशाचं असतं. आपल्या कानांना डावं उजवं चांगलं कळतं, कारण एका कानापर्यंत आवाज आधी पोचतो आणि दुसऱ्यापर्यंत नंतर, पण वर खाली आणि पुढे मागे यात कान सहज फसतो. त्यात समोर एवढी मोठी काच तिरकी बसवलेली, डॅशबोर्डवरचा आवाज तिच्यावर आपटून परत येतो. त्यामुळे दरवाज्याच्या खांबावरचा आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटणं किंवा बोनेटमधला आवाज स्टिअरिंगमागून येतोय असं वाटणं हे नेहमीचंच आहे.

आधी दोन्ही आवाज वेगळे धरा, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत. टकटक रस्त्यावर अवलंबून आहे म्हणजे काहीतरी सुटं आहे आणि ते शेजारच्या वस्तूला आपटतंय. झर्रर्र आरपीएमवर अवलंबून आहे म्हणजे इंजिनाच्या थरथरीला कुठलातरी भाग साथ देतोय. तीन सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दीड स्फोट होतात, १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे सेकंदाला ४५ धक्के. ज्या भागाची स्वतःची थरथर ४५ हर्ट्झच्या किंवा तिच्या दुप्पट तिप्पटच्या आसपास बसते तो भाग तेवढ्याच पट्ट्यात वाजतो, पुढे मागे झालं की गप्प. म्हणून तुम्हाला खाली नाही आणि वर नाही असं जाणवतंय.

झर्ररची पहिली टेस्ट: हॅन्डब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलला ठेवून हळूहळू १७०० ते १९०० पर्यंत न्या आणि तिथे धरून ठेवा. आवाज आला तर नशीब, गाडी उभी ठेवून शोधता येईल. मग एसी चालू बंद करून बघा. एसी बंद केल्यावर जातोय का, हे मला नक्की सांगा.

टकटकसाठी दुसऱ्या कोणालातरी गाडी चालवायला द्या आणि तुम्ही पॅसेंजर सीटवर बसा. स्वतः चालवत शोधू नका, लक्ष रस्त्यावरून उडतं आणि सापडतही काही नाही. तळहात सपाट ठेवून एकेक भाग दाबत जा, ग्लव्ह बॉक्सचं झाकण, एसीच्या जाळ्या, डॅशबोर्डच्या वरची बाजू काचेजवळ, ए पिलरचं (समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं) कव्हर, दरवाज्याचं हँडल, सीट बेल्टचा वरचा अॅडजस्टर. दाबल्यावर आवाज थांबला किंवा बदलला की त्याच्या आसपास कुठेतरी आहे. बेल्टचं बक्कल बी पिलरच्या (पुढच्या आणि मागच्या दरवाज्यामधल्या खांबाच्या) प्लास्टिकवर आपटणं हे तर इतकं कॉमन आहे की रिकाम्या सीटचा बेल्ट आधी लावूनच टाका, म्हणजे ती शंका मिटली.

ट्रिमवाला
वरच्यांशी पूर्ण सहमत. सकाळी जास्त आणि दुपारी कमी का, ते जरा उलगडून सांगतो, त्यातच मोठा क्लू आहे. डॅशबोर्ड बहुतेक पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि तो बसलेला असतो लोखंडी क्रॉसबारवर. प्लास्टिक तापमानाने लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त फुगतं आणि आक्रसतं. १.५ मीटर रुंदीचा डॅशबोर्ड, ३० अंशांचा फरक, म्हणजे प्लास्टिक ढोबळमानाने २ ते ३ मिमी हलतं आणि लोखंड जेमतेम अर्धा मिमी. हा फरक सामावून घ्यायला कंपनी भोकं लांबट ठेवते आणि क्लिपांना थोडी मोकळीक देते. गार असताना प्लास्टिक आक्रसतं, कडकही होतं, फटी उघडतात, आणि जे उन्हात एकमेकांना चिकटून गप्प असतं ते सकाळी आपटायला लागतं. म्हणजे तुमच्या केसमधे तुटलेलं काही नसायची शक्यता बरीच आहे, फट आहे फक्त.

अजून एक भेद करा. टकटक खडखड वेगळी आणि करकर कुरकुर वेगळी. करकर येते ती दोन पृष्ठभाग घासतात तेव्हा, एक दुसऱ्याला जरा वेळ धरून ठेवतो मग झटकन सोडतो, परत धरतो, सेकंदात शेकडो वेळा. दरवाज्याचं रबर, लेदरचं सीट कन्सोलला घासणं, चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या, हे सगळं करकरीतलं. दोन्हीचा उपाय वेगळा आहे. खडखडीला फट भरायची किंवा स्क्रू क्लिप घट्ट करायची, आणि करकरीला दोघांच्या मधे फेल्ट नाहीतर कोरडं सिलिकॉन. खडखडीवर स्प्रे मारून उपयोग नाही. करकरीवर स्क्रू आवळत बसलात तर कधी कधी वाढतेच, कारण दाब वाढला की घर्षणही वाढतं.

दरवाज्याच्या रबरांना ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोलियम जेली यातलं काहीही लावू नका. ती रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात आणि पेट्रोलियमच्या तेलाने फुगून मऊ पडतात. रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस घ्या आणि कापडावर घेऊन अगदी पातळ पुसा, बास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ए पिलरच्या कव्हरमागे आणि छताच्या कडेला कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते. कव्हरवर एअरबॅग किंवा एसआरएस लिहिलेलं असेल तर तिथे फोम, टेप, चिकटपट्टी काहीही भरू नका. ती बॅग क्षणात उघडते आणि तिच्या वाटेत काही असलं की ती चुकीच्या दिशेने फुटू शकते किंवा कव्हर उडून तोंडावर येऊ शकतं. त्या कव्हरच्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात, काढल्या की नवीन लावायच्या. पिवळं कनेक्टर दिसलं की ते एअरबॅगचं समजा आणि हात लावू नका. पॅसेंजर बाजूला डॅशबोर्डमधेच बॅग असते त्यामुळे वरचा भाग उचकटायचा विचारही नको. ग्लव्ह बॉक्स काढणं, मधली पट्टी काढणं एवढं घरी होतं, त्याच्या पुढचं काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या, आणि बॅटरी डिस्कनेक्ट करून मॅन्युअलमधे दिलाय तेवढा वेळ थांबल्याशिवाय कोणालाही आत हात घालू देऊ नका.

बेस_फुल
मी तर म्हणतो सरळ चारी दरवाज्यांना आणि फ्लोअरला बुटाइलची डॅम्पिंग शीट मारून घ्या, गाडी एकदम गप्प होते, म्युझिकही भारी वाजतं.

ट्रिमवाला
@बेस_फुल शीट चांगलीच वस्तू आहे पण या दुखण्यावरचं औषध नाही ते. बुटाइल शीट पत्र्याची थरथर मारते. प्लास्टिकची क्लिप सुटी आहे ती सुटीच राहणार. उलट टायरचा आणि रस्त्याचा आवाज कमी झाला की जी खडखड आधी त्यात बुडून जायची ती स्पष्ट ऐकू यायला लागते, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. आधी खडखड काढा, शीट त्यानंतर. आणि दरवाज्यात काम करताना आतला पातळ प्लास्टिकचा पडदा फाडून टाकू नका, तो पाणी आत येऊ नये म्हणून असतो, परत बुटाइलने नीट चिकटवायचा. दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकंही बुजवायची नाहीत.

बेस_फुल
ओके हे पटलं. एक गोष्ट मात्र माझ्याकडून घ्या, स्पीकरच वापरून शोधता येतं. फोनवर टोन जनरेटर टाका, कारच्या ऑडिओला जोडा आणि ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू सरकवत न्या, गाडी बंद, एसी बंद, काचा वर. दरवाज्यातलं जे काही सुटं असेल ते ठराविक ठिकाणी वाजायला लागतं, तिथे थांबायचं आणि हाताने दाबून शोधायचं. व्हॉल्यूम मध्यम ठेवा, खालच्या फ्रिक्वेन्सीला फुल केलात तर स्पीकर जाईल.

निवांत_ड्रायव्हर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं.

न्यूट्रलला १८०० वर झर्रर्र येतो! गाडीतल्यापेक्षा जरा कमी पण तोच आहे. एसी बंद केल्यावर खूप कमी होतो, अगदी जात नाही. टकटकीबद्दल, भाऊ गाडी चालवत होता आणि मी सगळीकडे दाबत बसलो. झाकण दाबून काही फरक नाही, ए पिलर दाबून नाही, बेल्ट लावून नाही. पण ग्लव्ह बॉक्स उघडून आत वरच्या बाजूला हात घातला आणि मागची भिंत वर ढकलली तर आवाज बदलला, टकटक ऐवजी बारीक टिकटिक. आता पुढे काय करू?

पाना_पक्कड
वा, छान पकडलंत. म्हणजे ग्लव्ह बॉक्सच्या मागे आहे, बॉक्समधे नाही. आता तो काढा. बऱ्याच गाड्यांत स्क्रू लागत नाही, दोन्ही बाजूच्या भिंती आत दाबल्या की स्टॉपर सुटतात आणि बॉक्स पूर्ण खाली लोंबतो, केबिन फिल्टर बदलताना करतात तेच. एका बाजूला बारीक दोरीसारखा किंवा दांडीसारखा डॅम्पर असेल तो आधी सोडवा, नाहीतर तुटेल.

मग टॉर्च घेऊन आत बघा आणि बघण्यापेक्षा जास्त हाताने चाचपा. तीन ठिकाणं आधी. केबिन फिल्टरचं झाकण, त्याची एक बाजू नीट बसलेली नसते, फिल्टर बदलल्यावर आवाज सुरू झाला असेल तर तेच. दुसरं, एसीची हवा नेणारी प्लास्टिकची डक्ट आणि तिचा जोड. तिसरं, आणि माझा सगळ्यात जास्त संशय यावरच आहे, रिकामं कनेक्टर. वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बहुतेक सगळ्या व्हेरिएंटला एकच येतो, वरच्या मॉडेलला जे फीचर असतं त्याचं कनेक्टर खालच्या मॉडेलमधेही असतं, फक्त कशालाच न जोडता मागे वळवून टेपने हार्नेसला बांधलेलं. उन्हाने टेपचा चिकटपणा जातो आणि ते कनेक्टर लोंबायला लागतं, आणि शेजारच्या डक्टवर टकटक टकटक. डक्ट पोकळ, त्यामुळे एवढंसं कनेक्टर पण ढोलावर टिपरी मारल्यासारखा आवाज देतं.

कानाला मदत हवी असेल तर हातभर लांब रबरी नळीचा तुकडा घ्या, एक टोक कानाला आणि दुसरं फिरवत राहा, बाहेरचा गोंगाट कापला जातो आणि जवळचाच आवाज मोठा येतो. फोनवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर लक्षात ठेवा, फोन आवाजाची पातळी स्वतःच कमी जास्त करतो. त्यामुळे कुठे मोठा आलाय ते बघू नका. कुठे धारदार, स्पष्ट आलाय ते बघा, जवळ असेल तिथे टक अगदी कोरडा ऐकू येतो.

झर्ररसाठी: एसी बंद केल्यावर कमी होतो म्हणजे कंप्रेसर, त्याचे पाइप, त्याचे ब्रॅकेट. एसीचा अॅल्युमिनियमचा पाइप फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत जातो तिथे तो पत्र्याला टेकला की पूर्ण डॅशबोर्ड वाजतो, आणि माणूस आत शोधत बसतो. बोनेट उघडा, दुसऱ्याला १८०० वर धरायला सांगा, तुम्ही लांब लाकडी काठीने पाइप हळूच दाबून बघा. बेल्ट आणि फॅनपासून हात, ओढणी, सैल बाह्या लांब. फॅन कधीही आपोआप सुरू होतो.

ट्रिमवाला
काठीने फक्त दाबा, वाकवू मात्र नका. पाइप वाकवून बाजूला सारायचा मोह होतो पण जोडापाशी चीर पडली की गॅस गळतो आणि काम भलतंच वाढतं. मधे रबर सरकवायचं, पाइप आहे तिथेच राहू द्या.

आतल्या कामासाठी फेल्टची टेप आणा, कंपन्या वायरिंगवर कापडी लवदार टेप गुंडाळतात तसली, टेसाची मिळते. फोमची दुहेरी टेप नको. फोम काही दिवसांनी उन्हाने दबून बसतो आणि कडक होतो, चुरा पडतो, की फट परत तयार. स्क्रू असतील तर प्लास्टिकमधले स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरनेच आवळा, पकड आली की थांबायचं. अजून अर्धा फेरा मारलात की आतली आटी जाते, मग तो स्क्रू कायमचा सुटा. आणि ट्रिम काढायला प्लास्टिकची पट्टी वापरा, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने वण पडतात. गाडी जरा उबदार असताना करा, गारठ्यात क्लिपा पटापट तुटतात.

निवांत_ड्रायव्हर
अपडेट. रिकामं कनेक्टरच होतं! पांढरं, अंगठ्याच्या नखाएवढं, काळी टेप त्याला अजून लोंबत होती, एका बाजूने धूळ चिकटून कडक झालेली. डक्टवर जिथे आपटायचं तिथे बारीक चकचकीत ठिपका पडलाय, बाकी सगळी डक्ट धुळीने करडी आणि तेवढाच ठिपका काळा. हाताने हलवून बघितलं तर हुबेहूब तोच आवाज. फेल्ट टेप पूर्ण गुंडाळली, मग केबल टायने मोठ्या हार्नेसला बांधलं, डक्टवरच्या त्या जागीही फेल्टचा तुकडा लावला. केबिन फिल्टरच्या झाकणाची एक कडीही अर्धवट होती, ती बसवली. आज सकाळी गारठ्यात त्याच रस्त्यावरून नेली, टकटक नाही. किती बरं वाटतंय काय सांगू.

झर्ररमधे अर्धं यश. एसीचा पाइप एका ब्रॅकेटला टेकलेला सापडला, तिथलं रबर सरकून खाली गेलं होतं. जुन्या रबरी नळीला उभी चीर देऊन पाइपवर चढवली आणि दोन्हीकडे टाय मारला. एसी चालू असताना येणारा भाग गेला. पण गाडी तापल्यावर १८०० ला अजून हलकासा पत्र्याचा आवाज येतो, थंड असताना नाही.

पाना_पक्कड
अभिनंदन! चकचकीत ठिपक्यांकडे लक्ष गेलं हे फार चांगलं, आतलं काहीही शोधताना धुळीत पुसलेली जागा बघायची, घासतं किंवा आपटतं तिथे धूळ टिकत नाही.

उरलेला आवाज तापल्यावर येतो आणि पत्र्यासारखा आहे तर एक्झॉस्टची हीट शिल्ड बघा. पातळ पत्रा असतो, बोल्टच्या भोकाभोवती गंजून भोक मोठं होतं आणि मग तो सुटा थरथरतो. फ्लोअरच्या खाली असल्यामुळे आवाज पायाशी किंवा डॅशबोर्डखाली आल्यासारखा वाटतो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो लिफ्टवर, बाहेरून मुठीने ठोकून बघा, सुटी असेल तर तसाच झर्रर्र येईल. भोक मोठं झालं असेल तर रुंद वॉशर, आणि पाइपभोवतीची शिल्ड असेल तर स्टीलचा मोठा होज क्लॅम्प गुंडाळून आवळला की झालं. शिल्ड काढून टाकू नका, वरची केबल, फ्लोअर, अंडरकोट यांना उष्णता लागू नये म्हणूनच ती असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका, जॅक स्टँड लागतातच.

मागची_सीट
याच धाग्यात विचारतो, माझा आवाज मागून आहे. डिकीतून खडखड, मागे कोणी बसलं की कमी होते. स्टेपनी घट्ट आहे, बघितली.

ट्रिमवाला
मागे कोणी बसलं की कमी, म्हणजे सीटची पाठ बघा आधी. फोल्ड होणाऱ्या सीटचं लॉक बॉडीवरच्या यू आकाराच्या लोखंडी कडीत अडकतं, त्या कडीवर थोडी मोकळीक असली की पूर्ण पाठ खडखडते, आणि माणूस टेकला की दाबाने गप्प. कडीवर फेल्ट टेपचा एकच थर गुंडाळा, जास्त नको, नाहीतर लॉक पूर्ण बसणार नाही, आणि अपघातात ती पाठच डिकीतलं सामान अडवते. लावल्यावर सीट जोरात ओढून लॉक झालंय का ते नक्की बघा. मधल्या सीटच्या बेल्टचं बक्कल आणि हेडरेस्टही हलवून बघा.

त्यातून नाही गेलं तर पार्सल ट्रे काढून घरी ठेवा आणि एक फेरी मारा. मग जॅक आणि पाना त्यांच्या खोबणीतून काढून कापडात गुंडाळून बघा, जॅक खोबणीत असला तरी तो फिरवून जरा ताणात बसवायचा असतो, नाहीतर वाजतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच वेग. डिकीच्या झाकणाला दोन्ही बाजूंना रबरी बुश असतात, ते फिरवून वर खाली होतात बऱ्याच गाड्यांत, अर्धा अर्धा फेरा बाहेर काढून बघा, झाकण लावताना किंचित जास्त जोर लागायला हवा एवढंच.

मागची_सीट
सीटची कडीच दिसतेय, हाताने पाठ हलवली तर स्पष्ट खडखड येते. टेप आणतो आणि लावून सांगतो.